स्वराविना शब्द: रिदम, कूम, कृक आणि आपली क्लृप्ती

कोरापाठपोट

माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेतील इंग्रजी शब्दलेखनाच्या स्पर्धेसाठी जे शब्द पाठ करावयाचे होते, त्यांत 'रिदम' हा शब्द होता. आर, एच, वाय, टी, एच, एम अशी सहा अक्षरे पाठकोऱ्या कागदावर एकाखाली एक मांडून तिने मला विचारले, की या शब्दात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही, मग तो उच्चारायचा कसा? मी सवयीने उत्तर दिले, की येथे वाय हे अक्षर 'इ'चे काम करते. तिने क्षणभर विचार करून सांगितले, की मग तो स्वरच झाला आणि शब्द स्वराविना आहे असे म्हणणे ही फसवणूक झाली. मला ते मान्य करावे लागले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी त्याच कागदावर शब्दांचे ढीग करावयास घेतले. पहिल्या ढिगात वायच्या आधारावर उभे राहणारे मिथ, हिम, लिंक्स, निम्फ, क्रिप्ट हे शब्द गेले. दुसऱ्यात नुसत्या आवाजांचे शब्द गेले: विचारात पडल्यावरचे 'ह्म्म', गप्प बसवणारे 'श्श', थंडीने कुडकुडताना निघणारे 'ब्र्र' आणि नापसंती दाखवताना जिभेने केले जाणारे 'त्स्क'. अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द जुळवण्याचा स्क्रॅबल हा खेळ खेळणाऱ्यांना हा दुसरा ढीग फार प्रिय असतो, कारण हाती एकही स्वर नसताना तोच कामी येतो. 'त्स्क-त्स्क' करणे याचे त्या खेळात क्रियापद होते, त्याला शेवटी एस लागतो आणि टी, एस, के, टी, एस, के, एस असा सात अक्षरी शब्द तयार होतो, म्हणजे हातातील सगळ्या सोंगट्या एकदम संपतात. मात्र इंग्रजी संचात के ही सोंगटी एकच असते, त्यामुळे दुसऱ्या के-साठी कोरी सोंगटी खर्च करावी लागते. गणितातील 'एन्थ' हा शब्द आम्ही बाजूला ठेवला, कारण त्यात स्वराचे अक्षर नसले तरी एन म्हणतानाच 'ए' तोंडातून बाहेर पडतो.

नंतर तिने मराठीतील शब्द मागितले. कमळ, बदक, फणस, करवत हे काना, मात्रा, वेलांटी, उकार नसलेले शब्द मी उत्साहाने लिहून दिले आणि लगेच माझ्या लक्षात आले, की येथे तर प्रत्येक अक्षराच्या पोटात 'अ' बसलेला आहे. गंमत अशी, की आपण 'करवत' म्हणताना प्रत्यक्षात 'कर्वत्' म्हणतो, म्हणजे लिहिलेल्या चार 'अ'कारांपैकी दोन बोलण्यात गळून जातात, परंतु उरलेले दोन काही केल्या जात नाहीत.

व्यंजनाचा उच्चार स्वराच्या साहाय्याशिवाय पूर्ण होत नाही, असे आपण शाळेत शिकलो. पतंजलींनीही महाभाष्यात स्वर स्वतःच्या बळावर शोभतात आणि व्यंजने त्यांच्यामागून येतात, असे म्हटले आहे. हे सर्वच भाषांना लागू आहे का, की कोठेतरी खरोखरच स्वराविना शब्द बोलले जातात? लेखनात स्वर नसणे आणि उच्चारात नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात ठेवून जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

कातळकडा

आपल्या पहिल्या ढिगाला जोड म्हणून एक शब्द देतो, जो गिर्यारोहणाची आवड असलेल्या कोणाच्याही ओळखीचा असेल. एव्हरेस्टच्या नेपाळकडील वाटेवर खुंबू हिमप्रपात चढून गेले, की शेजारच्या ल्होत्से शिखराच्या भिंतीपर्यंत एक विस्तीर्ण हिमदरी लागते. नकाशावर तिच्या नावात 'वेस्टर्न' या शब्दापुढे सी, डब्ल्यू, एम अशी तीन अक्षरे असतात. महाविद्यालयात असताना मी तो नकाशा प्रथम पाहिला, तेव्हा ते एखाद्या संस्थेचे संक्षिप्त नाव असावे असे समजून मी मित्रांसमोर 'वेस्टर्न सीडब्ल्यूएम' असे मोठ्या रुबाबात म्हणत असे. खरा उच्चार 'कूम' असा आहे, हे कळायला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत मला कोणी दुरुस्त केले नाही यावरून माझे मित्र किती जाणकार होते ते समजावे.

हे नाव ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी याने १९२१ च्या पाहणी मोहिमेत दिले. त्याने वेल्समधील डोंगरांत पुष्कळ चढाई केली होती आणि तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेल्या खोलगट दरीला वेल्श भाषेत जो शब्द आहे, तोच त्याने हिमालयात नेला. वेल्शमध्ये डब्ल्यू हे अक्षर 'उ' किंवा 'ऊ' या स्वरासाठी वापरतात आणि तेथील मुलांना स्वर पाच नव्हे तर सात शिकवले जातात. खिंडीला ते बी, डब्ल्यू, एल, सी, एच असे लिहितात. धनुकलीने वाजवायच्या त्यांच्या एका जुन्या तंतुवाद्याचे नाव 'क्रूथ' आहे आणि सी, आर, डब्ल्यू, टी, एच ही त्याची अक्षरे इंग्रजी शब्दकोड्यांत वारंवार येतात. वेल्श माणसाला या शब्दांत काहीच विशेष वाटत नाही, कारण स्वर त्याच्या डोळ्यांसमोर असतो. तो दिसत नाही तो इंग्रजी वाचणाऱ्याला.

बृनोकर

मी गेली सहा वर्षे चेक प्रजासत्ताकातील दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात राहतो. त्याचे नाव बी, आर, एन, ओ असे लिहितात. मराठी वर्तमानपत्रांत ते 'ब्रनो' किंवा 'बर्नो' असे छापून येते आणि दोन्ही चुकीचे आहे. ब आणि र यांच्या मध्ये स्वर नाही आणि र-नंतरही नाही. र स्वतःच स्वराच्या जागी बसलेला आहे.

येथे आलेल्या प्रत्येक परक्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य शिकवले जाते, ज्याचा अर्थ 'बोट गळ्यातून आरपार घाल' असा होतो आणि ज्यात आपण सांगितलेल्या पाच स्वरांपैकी एकही अक्षर नाही, शिवाय वाय किंवा डब्ल्यू यांचीही मदत नाही. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांनी ते मला म्हणून दाखवले आणि मी वहीत देवनागरीत उतरवून घेऊ लागलो. आधी 'स्त्र्च् प्र्स्त् स्क्र्स् क्र्क्' असे पाय मोडत लिहिले. ते इतके लंगडे दिसत होते, की मलाच वाचता येईना. मग सहज सुचले म्हणून खाली 'स्तृच् पृस्त् स्कृस् कृक्' असे लिहिले आणि सगळे वाक्य एकदम घरचे वाटू लागले. रोमन लिपीत ज्याच्यासाठी चिन्हच नाही, ते आपल्या लिपीत ऋकार म्हणून पहिल्यापासून तयार आहे, याचा मला त्या दिवशी विलक्षण अभिमान वाटला.

तो अभिमान फार तर अर्धा मिनिट टिकला. मी वहीतले वाक्य मोठ्याने वाचले, तेव्हा शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी मान हलवली आणि विचारले, की तुम्ही प्रत्येक शब्दात 'उ' का घालता? मी घालत नाही, असे मी म्हणालो. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावले आणि मी अर्थातच 'स्त्रुच् प्रुस्त् स्क्रुस् क्रुक्' असेच वाचले. आपण 'कृपा' लिहितो आणि 'क्रुपा' म्हणतो, 'अमृता' लिहितो आणि 'अम्रुता' म्हणतो, हे मला माहीत होते. परंतु ते इतके हाडीमाशी खिळलेले असेल, याची कल्पना नव्हती. चिन्ह आपल्यापाशी आहे, ध्वनी त्यांच्यापाशी आहे.

हा केवळ जिभेला पीळ पाडणारा खेळ आहे असे समजू नये. लांडग्याला येथे 'व्ऌक्' म्हणतात, मृत्यूला 'स्मृत्' म्हणतात. सव्वादोन वाजले हे सांगतानाही 'तिसऱ्या तासाचा पाव' अशी रचना असते आणि पाव म्हणजे 'च्त्वृत्', त्यामुळे साधी वेळ विचारली तरी स्वराविना शब्द ऐकू येतो. गेल्या उन्हाळ्यात क्रोएशियात गेलो होतो, तेथील एका मोठ्या बेटाचे नावच के, आर, के म्हणजे 'कृक' आहे.

लघुगुरू

बृनोकर यांच्या अनुभवात या प्रश्नाचे अर्धे उत्तर आलेले आहे. संस्कृत व्याकरणात वर्णांची मांडणी करणारी जी माहेश्वर सूत्रे आहेत, त्यांतील पहिले सूत्र 'अइउण्' आणि दुसरे 'ऋऌक्' असे आहे. म्हणजे ऋ आणि ऌ हे वर्ण व्यंजनांत नव्हे, तर स्वरांत धरले आहेत. पाणिनीच्या परंपरेतील माणसापुढे चेक भाषेतील ते वाक्य ठेवले असते, तर त्याने त्यात चार स्वर मोजून दाखवले असते. तेव्हा 'स्वराविना शब्द' हे वर्णन रोमन लिपीच्या सवयीतून आलेले आहे, असे माझे मत आहे.

ऋ हा स्वर आहे हे केवळ परंपरेने म्हटले म्हणून मानावयाचे असे नाही. त्याची परीक्षा कानाने करता येते. वृत्तात लिहिताना 'विक्रम' या शब्दातील 'वि' गुरू धरावा लागतो, कारण पुढे 'क्र' हे जोडाक्षर आहे आणि त्याचा आघात मागील अक्षरावर येतो. 'अमृत' या शब्दातील 'अ' मात्र लघूच राहतो, कारण 'मृ' हे जोडाक्षर नसून म्-मध्ये मिसळलेला स्वर आहे. 'अम्रुत' असे लिहिले, तर मात्रांचा हिशोब तत्काळ चुकतो. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, आणि 'मृ' व 'म्रु' यांतील भेद सांगून पटला नाही, तर मुलांना टाळी वाजवून मात्रा मोजायला लावत असे. संधीतही तेच दिसते. देव आणि ऋषी मिळून देवर्षी होतो, पितृ आणि आज्ञा मिळून पित्राज्ञा होते. हे सर्व स्वरसंधीचे नियम आहेत.

ऌ या वर्णाची अवस्था अधिक केविलवाणी आहे. संस्कृतातही तो एकाच धातूच्या रूपांत भेटतो, परंतु त्या धातूपासून आलेला एक शब्द मराठीत रोजच्या वापरात आहे आणि तो म्हणजे 'क्लृप्ती'. ज्या वर्णाला सगळ्या भाषेत जेमतेम एकच घर मिळाले, त्याने ते घर मराठीत टिकवून धरले, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

तिसरी घंटा

लघुगुरू यांच्याविषयी पूर्ण आदर राखून एक शंका मांडतो. वृत्ताचे आणि संधीचे पुरावे हे संस्कृतातील ऋकाराचे पुरावे आहेत. आजच्या मराठी माणसाच्या तोंडी ऋ उरलेला नाही, त्याच्या जागी र आणि उ असे दोन ध्वनी आहेत. लग्नपत्रिकेवर रोमन लिपीत नाव छापताना मराठी 'कृपा' के, आर, यू अशी सुरू होते आणि हिंदी भाषक 'कृपा' के, आर, आय अशी, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? आपण ज्याला जपलेले म्हणतो, ते चिन्ह आहे.

लघुगुरू

आपली शंका रास्त आहे आणि बोलण्यापुरती ती मी मान्य करतो. परंतु आजही वृत्तबद्ध कविता लिहिणारा मराठी कवी 'अमृत' तीन लघूंचेच धरतो, म्हणजे जीभ विसरली तरी मात्रांचा हिशोब विसरलेला नाही.

धातुपाठ

बृनोकर यांनी दिलेल्या शब्दांकडे व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले, तर त्यांतील बरेच आपले दूरचे नातेवाईक निघतात. तेथील 'व्ऌक्' आणि आपला 'वृक' एकच. भीमाला 'वृकोदर' म्हणतात त्यातला. 'स्मृत्' आणि मृत्यू यांचा धातू एक आहे. काट्याला चेक भाषेत 'तृन्' म्हणतात आणि संस्कृतात 'तृण' म्हणजे गवत. मूळ अर्थ टोकदार पाते किंवा काटा असा काहीसा असावा, कारण इंग्रजीतील 'थॉर्न' हाही याच कुळातला आहे. क्रोएशियन भाषेत काळ्या रंगाला 'त्सृन्' म्हणतात आणि तो 'कृष्ण' या शब्दाचा भाऊ आहे. माँटेनेग्रो या देशाचे तेथील नाव 'त्सृना गोरा', म्हणजे काळा डोंगर. त्यातील 'गोरा' हा आपल्या 'गिरी'चा नातेवाईक असल्यामुळे शब्दास शब्द ठेवला, तर त्या देशाचे नाव 'कृष्णगिरी' होते.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. हे पाहून चेक लोकांनी त्यांच्या आणि आपल्या भाषांच्या समान मूळ भाषेतील ऋकार पाच हजार वर्षे जसाच्या तसा सांभाळला, असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. मधल्या काळात स्लाव भाषांत, म्हणजे चेक, क्रोएशियन, स्लोव्हाक ज्या कुळातल्या आहेत त्या भाषांत, त्या र-च्या शेजारी एक अतिऱ्हस्व स्वर आला होता, पुढे तो गळून पडला आणि र पुन्हा एकटा राहिला. म्हणजे त्यांच्याकडे तो एकदा हरवून परत आलेला आहे. क्रोएशियनमध्ये तर ऌ-चा 'उ' होऊन लांडगा 'वुक' झाला, जवळजवळ आपण ऋ-चा 'रु' केला त्याच चालीने. उलट स्लोव्हाक भाषेत दीर्घ ऋ आणि दीर्घ ऌ हे दोन्ही आजही बोलले जातात. आपल्या वैयाकरणांनी दीर्घ ॡ केवळ मांडणी पुरी करण्यासाठी यादीत ठेवला, पण त्या भाषेत खांब आणि सांधा यांसाठी असलेल्या शब्दांत तो रोज ऐकू येतो.

आडत दुकान

धाग्याचा मूळ प्रश्न उच्चाराचा आहे, परंतु लेखनाच्या बाजूची एक हकीकत येथे नोंदवतो. आमचे घराणे मारवाडातून जालन्यास आलेले. पणजोबांच्या वह्या महाजनी लिपीत आहेत, जिला मुडिया असेही म्हणतात, आणि तिच्यात काना, मात्रा, वेलांटी काहीही न देता नुसती व्यंजने ओळीने लिहिण्याची पद्धत होती. त्या वहीचे एक पान माझ्यासमोर आहे. त्यात 'गळ', 'तर', 'जर' असे दिसते. ते गूळ, तूर आणि बहुधा जिरे आहे हे पुढील भाव पाहून ठरवावे लागते, आणि शेवटच्या नोंदीविषयी मी अद्याप निश्चित सांगू शकत नाही.

या लिपीवरची एक जुनी गोष्ट मारवाडी घरांतून सांगितली जाते. काकाजी अजमेरला गेले आहेत आणि काकीजी कोट्याला आहेत, असे पत्र मुनीमाने लिहिले. वाचणाऱ्याने 'अजमेर गया'चे 'आज मर गया' केले आणि 'कोटे'चे 'कूटे', म्हणजे काकीजी छाती पिटून घेत आहेत, असे वाचले आणि घरात रडारड सुरू झाली. गोष्ट रचलेली असेल, परंतु अडचण खरी होती. हिब्रू आणि अरबी लेखनातही ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, पण तेथे व्यंजनांच्या सांगाड्यावरच शब्द उभा राहतो आणि वाचणारा स्वर आपोआप भरतो. आमच्या भाषेची घडण तशी नाही. तरीही व्यापाऱ्यांचे काम चालले, कारण वहीत येऊन येऊन येणार काय, तर ओळखीची नावे, ओळखीचा माल आणि आकडे. आकड्यांत मात्र संदिग्धता ठेवण्याची चूक कोणी केली नाही.

उपान्त्य

आतापर्यंतची सर्व उदाहरणे शेवटी लघुगुरू यांच्या पंक्तीला जाऊन बसतात, कारण र आणि ल हे मुळात सुरेल ध्वनी आहेत आणि ते ताणता येतात. 'ड्र्र्र' करत गाडी पळवणाऱ्या कोणत्याही मुलाला हे ठाऊक असते. मूळ धागाकर्त्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने कसाला लागतो तो मोरोक्कोमध्ये. अगादीर शहराच्या आसपासच्या सूस प्रदेशात ताशल्हीत नावाची बर्बर कुळातील भाषा बोलली जाते आणि तिच्यात 'तू ती मुरगळलीस' या अर्थाचा एकच शब्द त्, फ्, त्, क्, त्, स्, त्, त् असा आहे. यात ऋ नाही, ऌ नाही, म् किंवा न् देखील नाही. सगळेच्या सगळे अघोष ध्वनी, म्हणजे ज्यांत स्वरतंतूंचे कंपन (घोष) होत नाही असे.

देल आणि एल्मेदलावी या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले, की या भाषेत कोणताही ध्वनी, अगदी त् किंवा क् सुद्धा, अक्षराचा, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिगटाचा, गाभा होऊ शकतो. त्यावर आक्षेप आला, की दोन व्यंजनांच्या मध्ये ओझरता 'अ' असणारच आणि ऐकणाऱ्याला तो जाणवत नसेल. हा आक्षेप आपल्या शालेय व्याकरणाशी जुळणारा आहे. रशीद रिदुआन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बोलणाऱ्याच्या स्वरयंत्रापर्यंत सूक्ष्म कॅमेरा नेऊन पाहिले, तेव्हा अशा शब्दांत स्वरतंतू संपूर्ण वेळ उघडे राहतात आणि त्यांचे कंपन होतच नाही, असे आढळले. घोष नाही, तर लपलेला 'अ' कोठून येणार?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील नुहाल्क भाषेतही असे शब्द आहेत. सील माशाच्या चरबीला तेथे 'स्ख्स्' म्हणतात.

कातळकडा

सील हा मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे. बाकी प्रतिसाद उत्तम.

उपान्त्य

चूक मान्य आहे.

बृनोकर

उपान्त्य यांनी दिलेला शब्द काल रात्री बराच वेळ म्हणून पाहिला. तो बोलल्यासारखा वाटतच नाही, सायकलच्या पंपातून हवा सुटल्यासारखा वाटतो. मात्र मी त्यातही 'उ' घातला नाही, ही माझ्या दृष्टीने प्रगती आहे.

कोरापाठपोट

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले आणि कागदावरील ढिगांची पुन्हा मांडणी झाली. कूम आणि क्रूथ पहिल्या ढिगात गेले. 'कृक', 'व्ऌक्' आणि 'क्लृप्ती' यांचा वेगळा ढीग झाला. त्यापैकी 'क्लृप्ती' त्यात ठेवावी की नाही यावर आमचे एकमत झाले नाही, कारण ती म्हणताना आम्ही दोघेही 'क्लुप्ती' म्हणतो. मोरोक्कोतील शब्द तिने कागदाच्या अगदी तळाशी एकटाच लिहिला आहे आणि त्याच्याभोवती चौकट काढली आहे. आपण नुसते आवाज म्हणून 'श्श'चा ढीग निकालात काढला होता, तो मात्र या चौकटीच्या शेजारी हलवावा, असा तिचा आग्रह आहे, कारण 'श्श' मध्येही घोष नाही. हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला.

उपान्त्य यांनी गाडीचा उल्लेख केल्यानंतर तिने 'ड्र्र्र' करता करता मधेच क् लावून पाहिला आणि तिसऱ्या प्रयत्नात 'कृक्' असा स्वच्छ उच्चार केला. मी अजून 'क्रुक्'च म्हणतो आहे आणि ती दर वेळी बोट वर करून 'उ आला' असे सांगते.